इलेक्ट्रिक गाडी आणि बर्फ: टायर कोणते, चेन कुठल्या चाकांना?

दर डिसेंबरात बर्फ पडला की मनालीच्या वरच्या रस्त्याचे व्हिडिओ फोनवर फिरू लागतात. सोलंगहून अटल बोगद्याकडे जाणारा चढ, चाकांखाली दाबून गुळगुळीत झालेला बर्फ, आणि ब्रेक करकचून दाबलेला असतानाही हळूहळू खाली घसरत येणाऱ्या गाड्या. ऑक्टोबर २०२० मध्ये हा नऊ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि ऐन हिवाळ्यात बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत जाणं सोपं झालं. तेव्हापासून बर्फाची सवय नसलेले चालक तिथे मोठ्या संख्येनं पोचतात. त्यांच्यात आता इलेक्ट्रिक गाड्याही दिसतात. जर्मनी, नॉर्वे किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांची तर पहिलीच गाडी इलेक्ट्रिक असते, आणि पहिलाच बर्फही.

मग प्रश्न येतात. बॅटरीमुळे गाडी जड असते, मग ती बर्फावर जास्त घट्ट बसत नाही का? चारही चाकांना मोटरची ताकद मिळत असेल तर टायरवर गुंडाळायची पोलादी चेन कशाला? ब्रेकला हात न लावता, ॲक्सिलरेटरवरून नुसता पाय उचलून गाडी थांबते, ते बर्फावर चालतं का?

इलेक्ट्रिक गाडी बर्फात चालते की नाही, हा वाद नॉर्वेत कधीच मिटला आहे. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी सुमारे ८९ टक्के पूर्णपणे इलेक्ट्रिक होत्या. ती कशी चालवायची, एवढंच समजून घ्यायचं आहे, आणि त्याची सुरुवात मोटरपासून नाही, टायरपासून होते.

## थंडीत रबराचं काय होतं

थंडीच्या दिवसांत न्हाणीघरातल्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली थिजलेली असते, आणि त्याच घरातलं शेंगदाण्याचं तेल मात्र सहज ओतता येतं. थंडी दोघांनाही सारखीच, फरक घडणीचा. टायरच्या रबराचंही असंच आहे. उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या डांबरासाठी बनवलेलं असतं. तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलं की ते कडक होऊ लागतं. रस्त्यावर खडीचे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यात ते नीट रुतत नाही. हिवाळी टायरच्या रबराची घडण वेगळी असते, त्यामुळे ते गोठणबिंदूच्या कितीतरी खालीही मऊ राहतं. सात अंश ही काही काटेकोर सीमा नव्हे, ठोकताळा आहे. पण तो लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यातून एक गोष्ट कळते: हिवाळी टायरचा फायदा बर्फ पडायच्या आधीच, नुसत्या थंड रस्त्यावर सुरू होतो.

दुसरी गोष्ट नक्षीची. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी, केसासारख्या बारीक चिरा असतात. त्या आणि मोठ्या खाचा बर्फ पकडून ठेवतात. बर्फ रबरापेक्षा बर्फालाच जास्त घट्ट धरतो, म्हणून खाचांत अडकलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो आणि गाडी पुढे सरकते. अशा टायरचा जन्म फिनलंडमधला. तिथल्या नोकिया गावातल्या टायर कारखान्यानं १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी खास हिवाळी टायर आणला.

टायर खरोखर हिवाळी आहे का, हे ओळखण्याची खूण एकच: बाजूवर कोरलेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. ही खूण बर्फावरची चाचणी पार केल्यावरच मिळते. ‘एम प्लस एस’ ही दुसरी खूण अनेक टायरांवर असते. तिचा अर्थ चिखल आणि बर्फ, पण ती लावण्यासाठी कोणतीही चाचणी लागत नाही. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर नुसतं ‘एम प्लस एस’ चालत नाही, डोंगराची खूणच लागते. तिथे हा नियम तारखेवर नाही, परिस्थितीवर आहे: रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला ओलावा असेल तर योग्य टायर हवेत, नाहीतर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक दंडगुण. वापरून वापरून नक्षी झिजते, तसा तिचा उपयोगही संपतो. नॉर्वेत हिवाळ्यात निदान तीन मिलिमीटर खोली सक्तीची आहे, ऑस्ट्रियात चार.

## "जड गाडी घसरेल कशी?"

हा समज फार पसरलेला आहे, आणि तो धोकादायक आहे म्हणून थोडं गणित करू.

गाडी जड असेल तर टायर रस्त्यावर जास्त दाबला जातो आणि पकड वाढते, हे खरं. पण तेवढ्याच पटीत तिला थांबवायला लागणारं बळही वाढतं. हिशेबात वजन दोन्ही बाजूंना येतं आणि कटून जातं. उरतात फक्त दोन गोष्टी: वेग, आणि टायर व रस्त्यामधलं घर्षण. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी कोरड्या डांबरावर साधारण १४ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर चांगल्या हिवाळी टायरनं त्याच गाडीला ४० मीटरच्या आसपास लागतात. गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर जवळजवळ १०० मीटर. हे ब्रेक लागल्यानंतरचं अंतर आहे. चालकाचं लक्ष जाऊन पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गाडी जे अंतर कापते, ते वेगळं. आणि गाडी ९०० किलोची असो वा २२०० किलोची, आकडे जवळपास तेच.

आता हेच उतारावर पाहा. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली, असा उतार घाटात सहज सापडतो. रस्ता गोठलेला असेल तर टायरला मिळणारी पकड आणि उताराची ओढ इथे जवळपास सारखी होते. म्हणजे चाकं पूर्ण थांबली तरी गाडी थांबत नाही. त्या व्हिडिओंत आपण पाहतो ते हेच. त्या चालकांचे ब्रेक निकामी झालेले नसतात.

जड गाडीचा एक फायदा जरूर आहे. बॅटरी तळाशी असल्यानं वजन खाली आणि चारही चाकांवर बऱ्यापैकी समान पडतं, त्यामुळे गाडी स्थिर राहते आणि जागेवरून निघायला बरी पडते. पण वळणावर वजन तिला बाहेर ओढतंच.

## "चारही चाकांना मोटरची ताकद आहे की!"

चार चाकांची ताकद निघायला आणि चढायला उपयोगी. थांबण्याशी तिचा संबंध नाही, कारण ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतातच. उलट अशी गाडी चढ इतक्या सहज चढते की रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही. ते कळतं उतरताना.

इलेक्ट्रिक मोटरच्या बाजूनं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चाक घसरून जागच्या जागी फिरू लागलं की इंजिनची ताकद कमी व्हायला वेळ लागतो. मोटरची ताकद सेकंदाच्या काही हजाराव्या भागात कमी करता येते. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीची घसरण रोखणारी यंत्रणा बहुधा जास्त सफाईनं काम करते. पण यंत्रणा पकड निर्माण करत नाही. टायरनं जेवढी दिली, तेवढीच ती वाटून देते. आणि टायर रस्त्याला टेकतो तो प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढ्या जागेवर.

## पाय उचलला की काय होतं

पेट्रोल गाडीवरून येणाऱ्यानं सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यावं.

इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलटी जनरेटरसारखी चालते, गाडीचा वेग विजेत बदलून बॅटरीत भरते आणि गाडी मंदावते. याला आपल्याकडे सरळ ‘रीजन’ म्हणतात. हे मंदावणं फक्त ज्या चाकांना मोटर जोडलेली आहे त्यांच्यातूनच होतं. ब्रेकच्या पायपट्टीसारखं ते चारही चाकांत वाटलं जात नाही.

जोरदार रीजन असलेल्या गाडीत पाय पूर्ण उचलला तर वेग दर सेकंदाला ताशी पाच-सहा किलोमीटरनं उतरतो. गोठलेला रस्ता चारही चाकं मिळून दर सेकंदाला ताशी जेमतेम साडेतीन किलोमीटरनं उतरू देतो, आणि दोनच चाकांतून काम होणार असेल तर त्याच्या निम्म्यानं. म्हणजे ब्रेकला स्पर्शही न करता, नुसता पाय उचलून आपण रस्त्याकडे तो देऊ शकतो त्यापेक्षा जास्त मागितलेलं असतं.

मागची चाकं चालवणारी गाडी असेल आणि हे वळणावर घडलं, तर मागची चाकं पकड सोडतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फिरू पाहतो. पुढची चाकं चालवणारी असेल तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. आताच्या गाड्यांत यंत्रणा हे ओळखून रीजन झटकन कमी करते. पण मग अपेक्षेइतकी गाडी मंदावत नाही, आणि ‘पाय उचलला की थांबते’ अशी सवय लागलेला चालक गोंधळतो.

असाच गोंधळ थंड बॅटरीमुळेही होतो. गारठलेली बॅटरी भराभर चार्ज करता येत नाही, तिला इजा होते. म्हणून सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी रीजन आपोआप कमी ठेवते. काल संध्याकाळी जिथे पाय उचलताच गाडी आवरली होती, तिथे आज ती पुढे जाते.

म्हणून बर्फावर रीजन सर्वांत कमी पातळीवर ठेवावं, ‘स्नो’ मोड असेल तर तो लावावा, आणि थांबण्यासाठी ब्रेकच हलक्या पायानं वापरावा. लांब सरळ उतारावर चांगले टायर असतील तर सौम्य रीजन उपयोगी पडतं, हे मला मान्य आहे. ते पूर्ण बंद करा असा सरसकट सल्ला मी देणार नाही. पाय मात्र एकदम उचलू नये. सावकाश.

## चेन नक्की काय करते

बर्फावर दोरखंड आणि वेली टायरला गुंडाळून गाड्या चालवणारे लोक पाहून न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांना चेनची कल्पना सुचली, असं सांगतात. १९०४ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. तत्त्व आजही तेच आहे. तळहाताएवढ्या रबरावर पसरलेला भार काही थोड्या पोलादी कडांवर येतो आणि त्या कडा दाबलेल्या बर्फात रुततात. जिथे हिवाळी टायरही हरतो, अशा चढावर चेन गाडी वर नेते. पण बर्फ नसलेल्या डांबरावर तीच चेन टायर खाते, स्वतः तुटते आणि तुटलेला तुकडा चाकामागच्या ब्रेकच्या नळीवर आपटू शकतो. म्हणून जर्मनीत चेन लावल्यावर वेगाची कमाल मर्यादा ताशी ५० आहे. अनेक गाड्यांच्या पुस्तिका त्याहून कमी सांगतात.

चेन ज्या चाकांना मोटर चालवते त्यांना लावायची. पेट्रोलच्या छोट्या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात, म्हणून ‘चेन पुढे’ हे डोक्यात बसलेलं असतं. इलेक्ट्रिकमध्ये तसं धरून चालता येत नाही. टाटाची नेक्सॉन ईव्ही, एमजी विंडसर, ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिक पुढच्या चाकांवर चालतात. महिंद्राची बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मागच्या. भारतात मिळणारी आयोनिक ५ आणि युरोपात सर्रास दिसणारी फोक्सवॅगन आयडी ३ यासुद्धा मागच्या. चारही चाकांच्या गाडीत तर्क लढवू नये, पुस्तिका उघडावी. टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वायच्या पुस्तिकांत चेन मागच्याच चाकांना लावायला सांगितलं आहे.

इथे एक तिढा आहे. चेन दोनच चाकांना लावली, तर उरलेली दोन चाकं टायरच्या भरवशावरच असतात. फक्त पुढे चेन असेल तर उतरणीच्या वळणावर मागचा भाग घसरू शकतो. फक्त मागे असेल तर गाडी चढते पण वळताना दगा देते. म्हणून चेन हा हिवाळी टायरला पर्याय आहे असं मी मानत नाही. चारही चाकांना हिवाळी टायर, आणि त्यावर गरज पडली तर चेन, हा क्रम आहे. कायदा मात्र थोडी सवलत देतो: फ्रान्सच्या ठरावीक डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च चार हिवाळी टायर किंवा गाडीत दोन चाकांपुरती चेन, यांपैकी एक चालतं. निळ्या गोल पाटीवर चेन लावलेल्या चाकाचं चित्र दिसलं की पुढचा रस्ता चेनशिवाय बंद. जर्मनीत ही पाटी फोर-बाय-फोरलाही, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीलाही, लागू आहे.

चेन लावायला गाडी जॅकवर चढवावी लागत नाही, आणि ते बरंच आहे, कारण इलेक्ट्रिक गाडीच्या तळाशी बॅटरी असते आणि जॅक भलत्या जागी लावला तर ती दुखावते. चेन चढ सुरू व्हायच्या आधी, सपाट जागी लावावी. थोडं पुढे जाऊन उतरून पुन्हा ताणावी. निघताना चाक जागच्या जागी जराही फिरलं की यंत्रणा मोटरची ताकद तोडते आणि चेनला बर्फात रुतायला वावच मिळत नाही. अशा वेळी ती यंत्रणा तात्पुरती बंद करायची मुभा अनेक गाड्यांत असते. आणि हे सगळं पहिल्यांदा घरी, कोरड्या हातांनी, उजेडात करून पाहावं. बर्फात बोटं बधिर झाल्यावर कडीला कडी सापडत नाही.

## चेन बसतच नाही, तर?

इलेक्ट्रिक गाड्यांत ही अडचण जास्त येते. चाकं मोठी, १९-२० इंची, आणि चाक व आतल्या भागांमध्ये जागा अरुंद. काही पुस्तिका अमुक एका लहान मापाच्या चाकांनाच चेनची परवानगी देतात. म्हणून हिवाळी टायर घेतानाच एक-दोन इंच लहान रिमचा वेगळा संच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. लहान रिमवर टायरची भिंत उंच राहते, खड्ड्यात ती जास्त सोसते, आणि चेनला जागा मिळते.

तेही जमत नसेल तर टायरवर चढवायची कापडी खोळ मिळते. ही नॉर्वेतून आलेली कल्पना. खास विणीचं कापड बर्फाला चिकटतं. वजनाला हलकं, लावायला काही मिनिटं. कोरड्या रस्त्यावर ती लवकर फाटते आणि कडक गोठलेल्या चढावर पोलादाची बरोबरी करत नाही. युरोपात चेन आणि खोळी दोन्हींसाठी २०२० चं ‘ईएन १६६६२-१’ हे मानक आहे. घेताना तो क्रमांक पाहावा.

खिळे बसवलेल्या टायरांचा पर्याय स्कँडिनेव्हियात आहे. गोठलेल्या रस्त्यावर ते उत्तम, पण रस्ता खरवडून हवेत धूळ करतात. म्हणून ओस्लोत त्यांच्यावर शुल्क आहे आणि जर्मनीत बंदी.

## टायर घेताना वजन पाहा

टायरच्या मापापुढे एक आकडा असतो, तो भार सांगतो: ९४ म्हणजे एका टायरवर ६७० किलो, ९८ म्हणजे ७५०, १०० म्हणजे ८००. त्याच मापाचा स्वस्त टायर मिळाला म्हणून घेतला आणि हा आकडा कमी निघाला, तर जड इलेक्ट्रिक गाडीखाली तो तापतो आणि फुटू शकतो. गाडीच्या दारावरच्या चिठ्ठीत लिहिलेला आकडा किंवा त्याहून मोठाच घ्यावा. ‘खास ईव्हीसाठी’ असं लिहिलेलं असणं सुरक्षेसाठी आवश्यक नाही. भाराचा आकडा आवश्यक आहे.

हवाही तपासत राहावी. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयनं कमी होते.

## "रेंज कमी होणार, आणि अडकलो तर?"

रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, कमी होते. थंड बॅटरी, केबिनची ऊब, दाट हवा, रस्त्यावरचा बर्फ आणि मऊ टायर, या सगळ्यांचा तो एकत्र परिणाम आहे. टायरचा वाटा त्यात लहान. नॉर्वेची मोटार संघटना दर हिवाळ्यात गाड्या प्रत्यक्ष चालवून ही घट मोजते, आणि गाडीगाडीत मोठा फरक निघतो. डोंगरात २०-३० टक्के घट गृहीत धरून बेत आखावा, आणि निघण्याआधी गाडी चार्जरला लावलेली असतानाच बॅटरी आणि केबिन गरम करून घ्यावी.

बर्फात वाहतूक तुंबली तर मात्र भीती अवाजवी आहे. उभ्या गाडीला ऊब राखायला तासाला दोन युनिट लागली असं धरू. बॅटरीत २५ युनिट उरली असतील तर बारा तास निघतात. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत २० हून अधिक माणसं गेली. त्यात थंडीइतकंच कारण होतं विषारी वायू. इंजिन चालू, धुराची नळी बर्फानं बुजलेली, आणि कार्बन मोनॉक्साइड आत. इलेक्ट्रिक गाडीत तो धोका नाही. घाटात शिरताना बॅटरी निम्म्याहून वर असावी, एवढं पथ्य पाळावं.

## पुण्याहून मनालीला एकदाच जाणार असाल तर

हिवाळी टायर घेऊ नका. पुण्या-मुंबईच्या तापमानात ते भराभर झिजतात आणि तापलेल्या डांबरावर उन्हाळी टायरपेक्षा उशिरा थांबतात. मापाची चेन किंवा कापडी खोळ सोबत ठेवा, तीही पुस्तिका वाचून. बर्फ पडल्यावर पोलीस फोर-बाय-फोर किंवा चेन असलेल्या गाड्यांनाच वर सोडतात, तेव्हा वाद घालू नका. आणि रस्ता गोठलेला असेल तर स्वतःची गाडी मनालीत चार्जिंगला लावून स्थानिक चालकाची फोर-बाय-फोर घ्या. सकाळी लवकर निघायची घाईही नको: डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर रात्री गोठलेला पारदर्शक थर ऊन वर येईपर्यंत तसाच असतो, आणि तो ओल्या डांबरासारखाच दिसतो.